मल्हारगंजच्या ट्रंकेतला रणगाडा

आधी चहा संपवा, मग सांगते. मागच्या वेळी ही गोष्ट सांगत होते तेव्हा आमच्या शाळेतल्या एका बाईंच्या नाकात चहा गेला होता. एवढा मोठा घोटाळा मी आयुष्यात दुसरा केलेला नाही, आणि घोटाळ्यांचा माझा अनुभव दांडगा आहे बरं का!

तर मी रणगाडे बनवते.

खरे नाही हो! प्लास्टिकचे. खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्शाचे. खोक्यात सुटे भाग येतात, ते कापायचे, घासायचे, चिकटवायचे, रंगवायचे. मुलगा अनिकेत नववीत होता तेव्हा त्याच्यासाठी पहिलं खोकं आणलं. तो दोन चाकं चिकटवून क्रिकेट खेळायला गेला, तो गेलाच. अर्धवट पडलेलं काम मला बघवत नाही. ते मी पूर्ण केलं आणि फसले. आज दिवसा शाळेत भूगोल शिकवते आणि संध्याकाळी रणगाड्याची चाकं रंगवते. आमचे हे सिमरोलच्या कॉलेजात आहेत, सकाळची बस पकडतात आणि या भानगडीशी आपला काही संबंध नाही असं येणाऱ्या-जाणाऱ्याला आपणहून सांगतात.

पण हा रणगाडा वेगळा होता. हा बाबांसाठी होता.

माझे वडील फौजेत रणगाड्याचे ड्रायव्हर. आमचे पणजोबा संस्थानच्या घोडदळात होते, बाबा ‘विजयंता’वर. म्हणजे स्वारी पिढीजात, फक्त जनावर बदललं. आता एकोणऐंशीचे आहेत, आमच्याकडेच असतात. गेल्या थंडीत न्हाणीघरात पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन उत्तम झालं. डॉक्टर म्हणाले, “हड्डी एकदम फर्स्टक्लास है. बस, अब चलना पड़ेगा.”

बाबा म्हणाले, “कशाला?”

तीन महिने हे एकच उत्तर! बाबा, वॉकर घेऊन हॉलपर्यंत चला. कशाला? बाबा, गच्चीत ऊन आलंय. कशाला? वॉकर बिचारा खाटेशेजारी उभा, त्यावर आम्ही टॉवेल वाळत घालायला लागलो. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, आता नाही चालले तर पाय आखडतील, मग कायमची खाट. मी घाबरले. ज्या माणसानं मला सायकल शिकवताना अख्खं मैदान पळून काढलं, त्याच्या पायांवर पांघरूण बघायला मला जमत नव्हतं.

तेव्हा ठरवलं. त्यांचा विजयंता बनवायचा, वरचा भाग उचलला की आतलं सगळं दिसेल असा. आणि ठेवायचा हॉलमधल्या टेबलावर. खाटेवर नेऊन दाखवायचा नाही! ज्याला आपली सीट बघायची असेल त्यानं उठून यावं.

आता बाहेरचे फोटो ढिगानं मिळतात. पण आतले? बाबांनाच विचारून बघितलं, सहज विचारल्यासारखं.

“बाबा, टँकच्या आत काय काय असतं हो?”

“काय असणार? अंधार, डिझेल आणि चार माणसं.”

झालं रेखाटन! इंटरनेटवर परदेशातल्या हौशी मंडळींचा एक ग्रुप आहे, तिथं विचारलं. त्यांनी मला बाहेरून चाळीस फोटो पाठवले, आतून एक नाही. एका चौकात जुना रणगाडा शोभेला ठेवलाय, तिथं गेले. झाकणं सगळी वेल्डिंग करून बंद. एका फटीतून काठीला फोन बांधून आत सोडला. चौकीदार आला.

“मैडम, अंदर कुछ गिर गया क्या?”

“नहीं भैया, देखना है.”

त्यानंही उत्सुकतेनं फोटो बघितला. कबुतराची दोन अंडी आणि गुटख्याची एक पुडी. अंड्यांचं त्याला काही नाही, पुडी बघून मात्र तो ओशाळला. “ये इंदौर वाले ने नहीं डाला होगा, मैडम. कोई बाहर का आया होगा.” शहराची अब्रू राखून तो गेला. माझं काम तिथंच राहिलं.

मग एक दिवस बाबा झोपेतून उठता उठता बोलले, “आमच्या पलटणीत जगदाळे होता. कॅमेरा गळ्यात घालूनच फिरायचा. मल्हारगंजचा. त्याची ती काळी लोखंडी ट्रंक, काय नव्हतं तिच्यात!”

मला कोण आनंद! चौकशी केली. जगदाळे आजोबा आता नाहीत, पण मुलगा तिथंच राहतो, खाली दुकान, वर घर. नंबर मिळवला, फोन केला. आणि इथून माझी अक्कल जी रजेवर गेली ती आजतागायत पूर्ण परतलेली नाही.

“जगदाळेजी, मी घाटग्यांची मुलगी बोलतेय. तुमचे वडील आणि माझे बाबा एका पलटणीत होते.”

“अरे वा! बोला ना ताई.”

आता बोला काय? तोवर अर्धं शहर मला हसून झालं होतं. पन्नाशी उलटलेली बाई खेळण्यातल्या रणगाड्यासाठी तुमच्या वडिलांची ट्रंक उघडायचं म्हणतेय, हे अनोळखी माणसाला फोनवर कसं सांगायचं? म्हणून मी म्हटलं, “काम जरा नाजूक आहे, फोनवर बरं दिसत नाही. रविवारी घरीच येऊ का? मुलालाही आणते.”

मुलाला का? तर त्याच्या फोनचा कॅमेरा चांगला आहे.

पलीकडचा आवाज एकदम मऊ झाला. “जरूर, जरूर! मुलगा काय करतो?”

“विजय नगरला सॉफ्टवेअरमध्ये आहे. अठ्ठावीसचा.”

वय कोणी विचारलं होतं? पण आईच्या तोंडातून मुलाच्या नावामागोमाग वय येतंच!

“पक्कं या ताई. सकाळीच या. आमची रेवा पण रविवारी घरीच असते.”

“बरं झालं,” मी म्हटलं. कोण रेवा, हेसुद्धा विचारलं नाही.

रविवारी निघालो. पहिल्यांदा कोणाकडे रिकाम्या हातानं जाऊ नये, म्हणून पेढे घेतले. फौजी घर आहे, म्हणून जरा बरी साडी नेसले. अनिकेतला इस्त्रीचा शर्ट घालायला लावला. तो माझ्याकडे टक लावून बघत होता. माझ्या पिशवीत टॉवेलात गुंडाळलेला अर्धा रणगाडा.

जिना चढून वर गेलो तर बैठकीत आठ माणसं. दोन आत्या, देवासहून आलेले एक काका, आणखी कोण कोण. सगळे इस्त्रीचे! मी म्हटलं, मोठं कुटुंब आहे, रविवार आहे, जमले असतील.

मग पोहे आले.

तुम्ही पुण्याचे असाल तर इथंच ओळखलं असतंत. पण अहो, मी इंदूरची! इथं पोहे आले याचा अर्थ सकाळ झाली, एवढाच. विजेच्या बिलाची तक्रार करायला गेलात तरी लोक पोहे विचारतात. वर शेव, शेजारी जिलेबी. ट्रे घेऊन आलेली मुलगी छान साडी नेसली होती म्हणे. मी बशीकडे बघितलं.

एका आत्यांनी अनिकेतला विचारलं, “स्वैपाक-बिपाक येतो का काही?”

“मॅगी,” अनिकेत म्हणाला. सगळे हसले. मॅगीला लोक इतके हसतात हे मला नवीन होतं.

जगदाळेजी घसा साफ करून म्हणाले, “तो ताई, मुलांना जरा छतावर पाठवायचं का? आपस में बात करून घेतील.”

“छे हो, त्यांचं काय काम?” मी म्हटलं. धीर एकवटला. “मी म्हणते, आधी ट्रंक बघून घेऊ.”

“ट्रंक?”

“तुमच्या वडिलांची. काळी, लोखंडी. बाबा सांगत होते, खूप काही आहे तिच्यात. एकदा काय काय निघतंय ते कळलं की मग पुढचं ठरवता येईल.”

देवासच्या काकांनी बशी खाली ठेवली. आत्यांची तोंडं चावता चावता थांबली. जगदाळेजींचे कान लाल झाले.

“ताई, माफ करा. आमच्याकडे लेन-देन चालत नाही. द्यायचं नाही आणि घ्यायचं पण नाही. पहले ही साफ बोलून टाकतो.”

“अहो, मी परत देणार आहे ना! दोन दिवसांत!”

आता सांगा, यावर कोणत्याही सभ्य माणसानं काय उत्तर द्यावं? तेवढ्यात ती ट्रेवाली मुलगी उठून उभी राहिली.

“काकू, एक विचारू? तुम्ही मला बघायला आलात की ट्रंक?”

“तुला?” मी मनापासून चकित. “तुला कशाला बघू, बाळा?”

मुलीच्या डोळ्यांत संताप, आत्यांच्या डोळ्यांत पाणी, आणि माझ्या डोक्यात अजूनही उजेड नाही! शेवटी अनिकेत जिलेबी गिळून माझ्या कानाशी आला. हा चार वर्षं पुण्याला शिकायला होता.

“आई, पोहे! इस्त्री! छत! मतलब, समज ना यार, बघण्याचा कार्यक्रम चाललाय.”

“मग तू आधी का नाही बोललास?”

“मला वाटलं, तू मला न सांगता आणलंयस!”

आणि तरी हा शहाणा दुसऱ्यांदा पोहे घेऊन बसला होता.

धरणीमाते, मला पोटात घे, असं म्हणतात ना? मल्हारगंजात पहिल्या मजल्यावर धरणीसुद्धा लांब असते. मी पिशवी उघडली, टॉवेल सोडला आणि तो अर्धा रणगाडा पेढ्यांच्या खोक्याशेजारी ठेवला.

“मला याच्या आतलं बघायचंय,” मी म्हटलं. मग सगळंच सांगून टाकलं. बाबांचं पडणं, तो वॉकर, ते “कशाला”, डॉक्टरांचं बोलणं.

पहिल्यांदा ती ट्रेवाली मुलगी, म्हणजे रेवा, हसली. अशी हसली की खाली बसली. मग आत्या हसल्या, मग देवासचे काका. जगदाळेजी डोळे पुसत म्हणाले, “अहो ताई, मग आधी बोलायचं ना! आमचे अण्णा असते तर ट्रंक डोक्यावर घेऊन स्वतः तुमच्याकडे आले असते.”

ट्रंक आली. फोटो सगळे ओल लागून एकमेकांना चिकटलेले. पण तंबाखूच्या डबीत निगेटिव्हच्या दोन पट्ट्या शाबूत! दसऱ्याला पलटणीत शस्त्रपूजा व्हायची, त्या दिवशी कॅमेऱ्याला परवानगी असायची. झाकणं उघडी, आत झेंडूचे हार, आणि वरून डोकावून काढलेले आतले फोटो. रेवानं पट्ट्या खिडकीच्या उजेडात धरल्या, मी अनिकेतच्या फोननं टिपल्या. हसण्यानं तिचा हात हलत होता, लाजेनं माझा. अनिकेतचं काळीजही हललं असावं, कारण त्यानंतर ट्रंक नीट लावून द्यायला म्हणून तो दोन रविवार मल्हारगंजला जाऊन आला. एवढीशी ट्रंक!

घरी येऊन फोनवर निगेटिव्हचे साधे फोटो करून घेतले. काय सांगू, बाबा! तिशीचे, ड्रायव्हरच्या सीटवर, वर बघून हसणारे. कडेला कसले तरी आकडे विचित्र दिसत होते, ते मी कापून टाकले. मनगटावरचं घड्याळ उजव्या हातात होतं. तेव्हाची फॅशन असेल, म्हटलं.

कामाला लागले. पहिल्याच दिवशी एक गोष्ट खटकली. खोक्यातल्या भागांत ड्रायव्हरचं झाकण उजवीकडे होतं, माझ्या फोटोत डावीकडे. मी काय केलं असेल? शांतपणे विचार केला? कोणाला विचारलं? छे! मी म्हटलं, परदेशी कंपनीला आपल्या रणगाड्यातलं काय कळतंय? उजवीकडचं भोक बुजवलं, घासून गुळगुळीत केलं आणि डावीकडे नवीन पाडलं. एवढ्यावर थांबले नाही. त्या परदेशी ग्रुपवर ठणकावून लिहिलं की तुमच्या सगळ्यांचे विजयंता चुकीचे आहेत, माझ्याकडे खुद्द पलटणीतला पुरावा आहे. लोकांनी केवढा मान दिला! पोलंडच्या एका गृहस्थांनी तर माझ्या शब्दावर आपला तयार रणगाडा कापला.

दोन महिने खपले. सीट, दांडे, पेडल, गोळे ठेवायच्या जागा, सगळं प्लास्टिकच्या पट्ट्या आणि तारा वापरून. झेंडूचा हारसुद्धा केला, मोहरीच्या दाण्यांना रंग देऊन. एका सकाळी टेबल हॉलच्या मधोमध आणलं, रणगाड्याचं तोंड बाबांच्या दाराकडे केलं आणि दार उघडलं.

“बाबा, बघा तर कोण आलंय!”

बाबांना जवळचं दिसत नाही, पण लांबचं अगदी घारीसारखं. त्यांनी उशीवरून मान उचलली. बराच वेळ बघितलं.

“विजयंता?”

“हो बाबा. तुमचाच.”

त्यांनी मान परत उशीवर टेकवली आणि माझं अवसान गळालं. संपलं, म्हटलं. दोन महिने पाण्यात.

“बेबी,” खाटेवरून आवाज आला. (हो, चोपन्नाव्या वर्षी मी बेबीच आहे.) “ड्रायव्हरचं झाकण कुठल्या अंगाला लावलंयस?”

“डाव्या.”

“डाव्या?”

“हो, डाव्या.”

“कोणी सांगितलं तुला डाव्या?” बाबा उठून बसले होते! “अकरा वर्षं मी काय बोनेटवर बसून टँक चालवला? डाव्या अंगाला गोळे असतात! तिथं ड्रायव्हर बसवला तर गोळे काय मांडीवर घ्यायचे?”

“माझ्याकडे फोटो आहे, बाबा.”

“आण फोटो! नको, तू राहू दे, मीच येतो. हे टॉवेल कोणी टाकलेत इथं? काढा ते!”

मी टॉवेल काढले. एक पाऊल. दुसरं. दारापर्यंत आल्यावर दम लागला, तेव्हा चौकटीला धरून त्यांनी दम खाल्ला आणि त्या वेळातही मला बोल लावले. अनिकेत त्यांच्या मागं दोन्ही हात पसरून, जणू काचेचं भांडं चाललंय. चौदा पावलं! मी मोजली. बाबा खुर्चीवर बसले, भिंग मागितलं आणि माझ्या दोन महिन्यांच्या कामावर ओणवे झाले.

“हा दांडा उलटा. ही गोळे भरणाऱ्याची बाजू उलटी. तोफ डागणारा कुठं बसवलास? तो पण उलटा! बेबी, तू एक पण गोष्ट सरळ नाही ठेवलीस!”

मी फोन पुढे केला. बाबांनी भिंगातून स्वतःकडे, त्या तिशीतल्या बाबांकडे, पाहिलं. मग म्हणाले, “मी घड्याळ उजव्या हातात कधी बांधलं गं?”

अनिकेतनं फोन घेतला. एक बटण दाबलं. एकच! फोटो डावीकडून उजवीकडे पालटला, आणि त्याबरोबर सीट, दांडे, गोळे, घड्याळ, सगळं सरळ झालं. खिडकीत पट्ट्या धरताना त्यांची उलटी बाजू माझ्याकडे होती, आणि मी दोन महिने आरशातला रणगाडा बनवत होते.

पोलंडच्या गृहस्थांना माफीचं पत्र लिहिलं. ते लिहायला मला रणगाड्यापेक्षा जास्त वेळ लागला.

बाबांनी मात्र त्या दिवसापासून काम ताब्यात घेतलं. रोज सकाळी आठला वॉकर टकटक करत टेबलापाशी हजर! “कालचं ते पेडल काढ, वर गेलंय. पांढरा रंग इतका पांढरा नसतो, जरा मळव. अगं, ही सीट आहे की देव्हारा?” मी काढते, ते बघतात, मी पुन्हा लावते. चहा तिथंच, जेवण तिथंच. आता तर वॉकर दारात ठेवून पुढची चार पावलं नुसत्या काठीवर येतात. जगदाळेजी एकदा येऊन गेले, सोबत रेवाही होती. ती बाबांच्या शेजारी बसून भिंगातून माझ्या चुका शोधत होती, आणि तिलाही सापडत होत्या.

गेल्या आठवड्यात डॉक्टर आले. चाल बघून थक्क झाले. मला बाजूला घेऊन म्हणाले, “कमाल है! ऐसा क्या कराया आपने?”

मी सांगितलं, चुका. बाबांना चूक दिसली की ते उठतात.

डॉक्टर पोट धरून हसले. म्हणाले, मग मैडम, हा टँक इतक्यात पूर्ण करू नका. चुका संपत आल्या तर एखादी मुद्दाम करून ठेवत जा.

मी मान डोलावली. पण तुम्हाला म्हणून खरं सांगते, मुद्दाम करायची वेळ अजून एकदाही आलेली नाही.